रिकाम्या वाटीचा बग

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारी तीन वाजून तीस मिनिटे. धाराशिवच्या बसस्थानकामागे, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात चार माणसे एकाच स्क्रीनसमोर उभी होती. खुर्च्या असूनही कोणी बसले नव्हते. ओंकारने पान रिफ्रेश केले. काही नाही. पुन्हा केले. तीन एकतीसला पहिला आकडा उमटला: ८५.

शबाना आपांनी माझा दंड घट्ट धरला. "पंच्याऐंशी म्हंजे शंभरातलेच ना गं?"

"शंभरातलेच, आपा."

"मग पेढे सांगू?"

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत," मी म्हणाले. मात्र त्याच वेळी मी मनगटावर बोट ठेवून माझी नाडी मोजत होते. मिनिटाला एकशे चार.

तीन चौतीसला दुसरा आकडा आला: ६०. तीन छत्तीसला ५०. तीन चाळीसला ८०. तीन बेचाळीसला ४५. पेढ्यांचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

आमचा स्टुडिओ कॉम्प्युटर गेम बनवतो. 'सावल्यांची पेठ' हा आमचा पहिला गेम. त्या दिवशी त्याचा दुसरा भाग जगासमोर येत होता. हा 'पॉइंट अँड क्लिक' प्रकारचा गेम आहे. यात धावपळ नाही, गोळीबार नाही. पडद्यावर एक चित्र असते. त्यातल्या वस्तूंवर क्लिक करायचे, माणसांशी बोलायचे, मिळालेल्या वस्तू थैलीत ठेवायच्या आणि योग्य जागी वापरून कोडी सोडवायची. आमची नायिका मैना अशा एका बाजारात शिरते, जिथे माणसांच्या सावल्या विकल्या जातात. पहिल्या भागात ती स्वतःची सावली परत मिळवते. दुसऱ्या भागात ती आईची सावली शोधते.

चित्रे जावेद सर काढतात. स्टुडिओ त्यांचाच आहे. कथा त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे शबाना आपांची. त्या पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवत असत. प्रोग्रॅमिंग येरमाळ्याच्या ओंकारचे. मी बेंबळीची. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केले आणि या ऑफिसात 'प्लेटेस्ट' पाहू लागले. प्लेटेस्ट म्हणजे माणसांना गेमसमोर बसवायचे, आपण मागे मुकाट्याने बसायचे आणि ते कुठे क्लिक करतात, कुठे अडतात, किती मिनिटे घेतात, हे लिहून काढायचे. मदत करायची नाही. हूं की चूं सुद्धा करायचे नाही.

परीक्षकांना गेम दोन आठवडे आधी दिला जातो. ठरलेल्या क्षणापर्यंत त्यांनी काही छापायचे नाही, या अटीला 'एम्बार्गो' म्हणतात. आम्ही वीस परीक्षकांना गेम दिला होता. त्यांचे गुण एक साइट गोळा करते आणि सरासरी दाखवते. पुण्याच्या प्रकाशक कंपनीशी आमचा करार स्पष्ट होता. सातव्या दिवशी दुपारी साडेतीनला साइटवर ७५ किंवा अधिक दिसले, तर तिसरा भाग होईल आणि इथेच होईल. कमी दिसले, तर धाराशिवचे ऑफिस बंद. जावेद सर आणि ओंकार पुण्याला जाऊन कंपनीचे मोबाइल गेम बनवतील. आपा आणि मी यांचा करारात उल्लेख नव्हता. उल्लेख नसणे हेही उत्तरच असते.

साडेपाचपर्यंत बारा परीक्षणे आली. सरासरी ६९. मी ती दोन गटांत लावली. सात परीक्षकांनी ऐंशीच्या आसपास गुण दिले होते. पाच जणांनी साठ किंवा त्याहून कमी. मधले कोणी नव्हते. आकडे असे दोन ढिगांत पडले की समजावे, आवडनिवड हा मुद्दा नाही, काहीतरी एकच गोष्ट घडली आहे.

ती शोधायला वेळ लागला नाही. पाचही जणांनी चित्रांचे कौतुक केले होते. आणि पाचही जणांनी लिहिले होते की तिसऱ्या अध्यायात गेम बंद पडतो. बारवेचे दार उघडत नाही. उघड बग आहे, विकत घेण्याआधी दुरुस्तीची वाट पाहा.

"बग न्हाय," ओंकार म्हणाला. "म्या सोता चाळीस येळा खेळलोय त्यो अध्याय."

"पुन्हा खेळ."

तो खेळला. पावणेतीन मिनिटांत दार उघडले. त्याने पाचही जणांच्या मशिनची माहिती काढली, दाराच्या मागचा कोड ओळीओळीने तपासला. दार निर्दोष होते.

मी माझी फाइल उघडली. तिसरा अध्याय: चोवीस माणसांची चाचणी, चोवीस उत्तीर्ण, सरासरी तीन मिनिटे दहा सेकंद. तो रकाना मी स्वतः हिरवा रंगवला होता आणि शेरा दिला होता: 'फार सोपे.'

मग मला सुचले, की पंचेचाळीस गुण देणाऱ्या परीक्षकाने स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ टाकला आहे. आम्ही तो लावला.

तिसऱ्या अध्यायात एक म्हातारी रंगारीण आहे. सगळे तिला खाला म्हणतात. बारवेच्या दाराची वाट तिलाच ठाऊक आहे. ती मैनेला वाटीभर अंबील देते. मैना ती बारवेवरच्या तहानलेल्या पहारेकऱ्याला पाजते आणि वाटी घेऊन खालाकडे परत येते. इथपर्यंत परीक्षकाने सगळे बरोबर केले. मग त्याने वाटीवर क्लिक केले, खालावर क्लिक केले. खालाने वाटी घेतली. "सुखी राहा, पोरी," म्हणाली आणि वाटी फळीवर ठेवली. बस्स. दार बंदच.

तो पुन्हा तिच्याशी बोलला. खालाने पुन्हा वाटीभर अंबील दिली. त्याने ती पुन्हा पहारेकऱ्याला पाजली. पुन्हा रिकामी वाटी. पुन्हा "सुखी राहा, पोरी."

चौथ्या वेळी जावेद सरांना राहवले नाही. "अरे बाबा, टाक की काही तरी तिच्यात!"

"कुण्या घरचा हाय हा?" आपा म्हणाल्या. "रिकामी वाटी देतोय!"

"थैलीत गुळाचा खडा हाय की लेका, समोर दिसतोय," ओंकार स्क्रीनला म्हणाला.

सातव्यांदा. आठव्यांदा. तिघेही आता ओरडत होते, जणू क्रिकेटची शेवटची ओव्हर चालली होती. मी मात्र स्क्रीनकडे पाहणे थांबवले आणि त्या तिघांकडे पाहू लागले. मग मला इतका आनंद झाला, की मी टेबलावर हात आपटला.

"सापडला! बग सापडला."

"कुठाय?" ओंकारने विचारले.

"माझ्या फाइलमध्ये."

शेजारून आलेले भांडे आपण रिकामे परत करत नाही. चिमूटभर साखर तरी घालतो. ईदला आपांकडून आमच्या घरी शीरखुर्म्याचा डबा येतो, तो परत जाताना आई त्यात शेंगदाण्याची चटणी भरते. हे ठरवून कोणी करत नाही. आपांनी तोच प्रसंग लिहिला होता. वाटीत गूळ, मूठभर ज्वारी, चिंच, काहीही घालून परत केली की खालाला कळते, मैना चांगल्या घरची आहे, आणि ती दार दाखवते. आम्हा चौघांना हे कोडे वाटलेच नव्हते. सलग अकरा वेळा रिकामी वाटी परत करणारा माणूस जगात असू शकतो, ही शक्यताच आमच्या हिशेबात नव्हती.

आता माझे चोवीस जण. एकोणीस बायका होत्या. माझ्या आईच्या ओळखीच्या, आपांच्या जुन्या शाळेतल्या, माझ्या वर्गातल्या. पुरुष पाच. शेऱ्यांचा रकाना मीच भरला होता आणि परत कधी वाचला नव्हता. चार पुरुषांपुढे लिहिले होते: 'बायको शेजारी बसली होती', 'बहीण शेजारी', 'बहीण शेजारी', 'आई शेजारी, मध्ये बोलत होती.' पाचवा लग्नाच्या पंगतीचा आचारी होता.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण सगळा भात एकाच पातेल्यातला असेल तरच. मी आमच्या पातेल्यातली चोवीस शिते चाचपली होती आणि जगाचा भात शिजला म्हणून सांगितले होते. आमच्या शास्त्रात याला 'सॅम्पलिंग बायस' म्हणतात. परीक्षेत मी यावर दहापैकी दहा गुण मिळवले होते.

सहा वाजता पुण्याहून देवयानी मॅडमांचा फोन आला. प्रकाशकाकडून आमचा प्रकल्प त्या पाहतात. जावेद सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"चमकणारा बाण लावा," त्या म्हणाल्या. "वाटी रिकामी असली की गुळाच्या खड्यावर बाण. परवा दुपारी एकपर्यंत पॅच हवा." पॅच म्हणजे विकल्या गेलेल्या गेमला मागाहून लावलेले ठिगळ. "आठ परीक्षक अजून बाकी आहेत ना?"

"आठ," मी म्हणाले. "सरासरी पंच्याहत्तर व्हायची तर त्या आठांची सरासरी चौऱ्याऐंशी यायला हवी. न अडलेल्यांचीही सरासरी ऐंशीच आहे. म्हणजे नुसते पुढचे परीक्षक अडले नाहीत, एवढ्याने भागणार नाही. आधी अडलेल्यांपैकी एकदोघांनी पुन्हा खेळून गुण बदलायला हवेत."

"मग बाण लावा आणि कळवा त्यांना," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी बाणाच्याच बाजूची होते. नाहीतर खालाच्या तोंडी एक वाक्य घालावे, असे मी सुचवले. 'बेटा, वाटी अशी रिकामी आणू नये.'

आपांनी चष्मा काढला. "तनुजा, तुझ्या आईनं हे वाक्य कधी कुणाला म्हटलंय?"

"नाही, आपा."

"मग माझी खाला का म्हणंल? मागून घेणारी हाय का ती? रिकामी वाटी आली म्हणून तोंडावर बोलणारी बाई आमच्या मोहल्ल्यात न्हाय, अन् तुमच्या गल्लीतबी न्हाय."

"आपा, खाला कागदावरची हाय," जावेद सर म्हणाले. "तिचं तोंड मी दोन मिनिटांत उघडतो."

"तुझंच तोंड अम्मीनं उघडं सोडलंय, तेवढं पुरं हाय खानदानाला."

ओंकार स्क्रीनमागे तोंड लपवून हसला. मी प्रश्न बदलला. "आपा, मग तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. अम्मीला करताना बघितलं."

"ओंकार?"

"आईला बघितलं."

"तर मग खेळणाऱ्यालाही बघू द्या," मी म्हणाले. "खालाने बोलायचे नाही. दुसरी कोणीतरी वाटी परत करायला येईल, गूळ घालून. मैना फक्त उभी असेल."

जावेद सर उठून उभेच राहिले. पहिल्या अध्यायातली कासारीण त्यांच्याकडे तयार होती. चालणे, हात पुढे करणे, सगळे काढलेले. तिच्या हातात वाटी द्यायची, वाटीत खडा दिसेल एवढेच नवे चित्र काढायचे. एका दिवसाचे काम. त्यांनी लगेच पेन हातात घेतले. ओंकारला बाणही करून ठेवायला सांगितले. मला म्हणाले, "दोन्ही कर. आकडा सांगेल ते लावू. पण या वेळी माणसं बाहेरची बघ."

बाहेरची माणसे म्हटल्यावर मला पहिल्यांदा तुळजापूर सुचले. बुधवारी सकाळी सातची बस पकडून मी एका लॉजवर पोचले. मालकांनी व्हरांड्यात टेबल दिले. दर्शन करून आलेल्या सहा बायका मी लॅपटॉपसमोर बसवल्या. दोघी कर्नाटकातल्या, दोघी तेलंगणातल्या, दोघी सोलापूरकडच्या. गेम जुनाच, न बदललेला. सहाही जणींनी वाटीत काही ना काही घातले. कर्नाटकातल्या आजींनी तर थैलीतल्या तिन्ही वस्तू एकदम घालायचा प्रयत्न केला. मी सोलापूरच्या मावशींना विचारले, "तशीच परत दिली असती तर?"

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "लग्न झालंय का गं तुझं?"

"नाही."

"मग शिक आधी."

तीन तास वाया गेले, असे वाटले. पण ते गेले नव्हते. परतीच्या बसमध्ये मी त्या पाच परीक्षकांची माहिती पुन्हा वाचली. एक जण बेंगळुरूचा, बाकी परदेशातले. सगळे तिशीच्या आतले, एकटे राहणारे. जेवण डब्यातून येते, डबा कचऱ्यात जातो. मग लक्षात आले, की मी चुकीच्या रेषेवर माणसे शोधत होते. जिल्हा, राज्य, भाषा यांचा संबंध नव्हता. ज्याच्या हातून कधी भांडे परत गेलेले नाही, असा माणूस मला हवा होता. आणि असा माणूस धाराशिवातच शेकड्याने होता, मुलांच्या हॉस्टेलमध्ये.

दुपारी दीड वाजता मी एका कॉलेजच्या हॉस्टेलवर रेक्टरसाहेबांसमोर उभी होते.

"मुलांना गेम खेळायला लावणार?" ते म्हणाले. "मी इथं तेच बंद करायला बसलोय."

"सर, हा शास्त्रीय प्रयोग आहे."

"लेखी द्या."

मी तिथेच बसून लेखी दिले. उद्दिष्ट, पद्धत, कालावधी. त्यांनी पूर्ण वाचले, 'कालावधी' या शब्दाखाली रेघ मारली आणि मेसचा हॉल उघडून दिला. मी तीन लॅपटॉप मांडले. तोपर्यंत ओंकारने दोन्ही नव्या आवृत्त्या पाठवल्या होत्या. मुले मी दहादहाच्या गटांत चिठ्ठ्या टाकून विभागली, ओळखीने नाही.

पहिल्या दहांना जुना गेम. दहापैकी एक जण पार झाला. नऊ जणांनी रिकामी वाटी परत केली आणि खाला त्यांना पुन्हापुन्हा अंबील देत राहिली. मागे मुकाट्याने बसणे मला कधी नव्हे इतके कठीण गेले. दुःखाने नव्हे. माझे गृहीतक माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होते.

दुसऱ्या दहांना बाण. दहापैकी दहा.

तिसऱ्या दहांना कासारीण. दहापैकी पाच.

संध्याकाळी ऑफिसात मी आकडे फळ्यावर लिहिले. जावेद सर फळ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. "पाच म्हंजे निम्मे. निम्म्यांना दिसलंच न्हाय?"

"दिसले, सर. पण त्यांना ती सजावट वाटली. कोणीतरी आली, गेली. स्वतःचे काही चुकले आहे, हेच त्यांना कळत नाही. रिकामी वाटी दिली तरी खाला हसते आणि फळीवर ठेवते."

"हसणारच ती," आपा म्हणाल्या.

ओंकार घसा खाकरला. "म्या ल्हान असताना आईनं शेजारच्या मावशीची वाटी गूळ घालून माझ्याकडं दिली. वाटंत म्या गूळ खाल्ला. रिकामीच दिली."

"मग?" मी विचारले.

"मावशी काय बोलली न्हाय. हसलीबी. पर आत बघितलं, अन् वाटी पालथी घालून ठिवली. त्या पालथ्या वाटीकडं बघून माझे कान तापले बघा. घरी जाऊस्तवर पळत गेलो."

मग आपांनी चष्मा घातला आणि भावाला म्हणाल्या, "काढ."

कासारीण तशीच ठेवून जावेद सरांनी ते दीड तासात काढले. खाला वाटी घेते. क्षणभर आत पाहते. "सुखी राहा, पोरी," म्हणते, तशीच हसून. आणि वाटी फळीवर पालथी ठेवते. एवढेच.

गुरुवारी सकाळी साडेआठला मी पुन्हा हॉस्टेलवर. नवी दहा मुले. या वेळी मी चौथ्या अध्यायापर्यंत खेळू दिले आणि आदल्या दिवशीची बाणवाली दहा मुलेही पुढे खेळायला बोलावली. कारण चौथ्या अध्यायातही असेच काहीतरी पाहून ओळखायचे असते आणि तिथे बाण नाही.

पालथ्या वाटीच्या गटातली मुले एकेक करून फळीपाशी थबकली. एकाने वाटी पालथी झालेली पाहिली, "आयला!" म्हणाला आणि लगेच थैली उघडली. पार झाल्यावर तो खुर्ची मागे वळवून मला म्हणाला, "मॅडम, आमच्या खोलीवर मेसवाल्या काकूंच्या तीन वाट्या पडल्यात."

"नियमात बसत नाही, मी बोलू शकत नाही," मी म्हणाले. पण शेऱ्यांच्या रकान्यात ते लिहून घेतले. हल्ली मी तो रकाना वाचते.

अकरा चाळीसला मी पुण्याला फोन लावला.

"बाण दहापैकी दहा," मी सांगितले. "पालथी वाटी दहापैकी नऊ. आम्ही पालथी वाटी लावतो आहोत."

देवयानी मॅडम म्हणाल्या, "दहा सोडून नऊ निवडता? तुम्ही तर स्टॅटिस्टिक्सच्या ना?"

"म्हणूनच, मॅडम. पुढच्या अध्यायात बाणवाल्या गटातली सहा मुले अडली. ती बाणाची वाट पाहत बसली. वाटीवाल्या गटातली दोनच अडली. बाण एक दार उघडतो आणि पुढची सगळी बंद करतो. परीक्षक तिसऱ्या अध्यायावर थांबणार नाहीत, पुढेही खेळणार आहेत."

"आणि चुकलं तर?"

"जबाबदारी माझी. लेखी देते."

त्या हसल्या असाव्यात. "लेखी द्यायची फारच हौस आहे तुम्हाला. लावा."

एक वाजून पाच मिनिटांनी पॅच लागला. पाच मिनिटे उशीर. मी अडलेल्या पाचही परीक्षकांना पत्र लिहिले. 'तुमचे चुकले' असे त्यात कुठेही नव्हते. लिहिले, की तुम्ही ज्याला बग म्हणालात तो आमच्या चाचणीतला होता. आमच्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि हे जगाला माहीत नसेल, हे आम्हाला माहीत नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. शुक्रवारी दोन परीक्षणे आली: ८० आणि ८०. शनिवारी ७५ आणि मग ९०! नव्वद देणाऱ्या बाईंनी पालथ्या वाटीवर एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता. आपांनी तो मला तीनदा वाचायला लावला, दोनदा इंग्रजीत आणि एकदा मराठी करून. रविवारी ८० आणि ७०. सत्तरवाल्यांना संगीत आवडले नव्हते. तो त्यांचा हक्क होता. निदान दार तरी उघडले होते. त्याच दिवशी बेंगळुरूच्या परीक्षकाने पुन्हा खेळून आपले ५५ गुण ८० केले. ओंकारने ऑफिसात उडी मारली आणि खालच्या मजल्यावरचे झेरॉक्सवाले वर येऊन विचारून गेले.

व्हिडिओवाल्या परीक्षकाचे उत्तर सोमवारी आले. दिलेले गुण बदलायचे नाहीत, असा त्यांच्या नियतकालिकाचा नियम होता. ४५ तसेच राहणार होते. मात्र त्यांनी दुसरा लेख लिहिला होता. त्यात म्हटले होते, अकरा वेळा रिकामी वाटी मिळूनही बाराव्यांदा ती भरून देणाऱ्या बाईला मी बिघाड म्हणालो. आपांनी तो लेख छापून घेतला. "पंचेचाळीस देऊन रडवलं गं यानं," म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी ८५ आले. एकोणीस परीक्षणे झाली. बेरीज १४१३, सरासरी ७४.३७. साइट दशांश दाखवत नाही. जवळचा पूर्णांक दाखवते. पडद्यावर होते ७४. एक परीक्षक बाकी होता. मी जावेद सरांना सांगितले, "साइटवर पंच्याहत्तर दिसायला शेवटच्याचे सत्त्याहत्तर हवेत. खरेखुरे पंच्याहत्तर व्हायला सत्त्याऐंशी."

"आपल्याला काय पायजे?"

"करारात 'साइटवर दिसेल तो आकडा' असे आहे."

"मग सत्त्याहत्तर," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक आधीच काढलेले होते.

मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, दुपारी दोन पन्नासपर्यंत काही नव्हते. दोन त्रेपन्नला ओंकारने पान रिफ्रेश केले आणि ओरडलाच नाही. नुसता बाजूला सरकला, आम्हाला दिसावे म्हणून. ८५. वर, मोठ्या अक्षरांत: ७५.

जावेद सर मटकन खुर्चीत बसले. आपांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "आता पेढे सांगू का शास्त्रज्ञबाई, का अजून निरीक्षणं बाकी हायत?"

"सांगा, आपा."

साडेतीनला देवयानी मॅडमांचा फोन आला. अभिनंदन झाले. तिसरा भाग ठरला, धाराशिवात, चौघांचा. मग मी म्हणाले, "मॅडम, एक नोंद. खरी सरासरी पंच्याहत्तर नाही. मी अहवालात खरा आकडा लिहिणार आहे."

"करारात काय आहे?"

"साइटवर दिसेल तो."

"मग लिहा खुशाल. आणि तनुजा, तिसऱ्या भागाच्या चाचणीची माणसं?"

"हॉस्टेलची यादी तयार आहे. तुळजापूरच्या मावशीही घेते. त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार?"

यातून मी एवढेच शिकले: चोवीसपैकी चोवीस असा निकाल आला, की गेम चांगला आहे असे समजू नये, आधी ती चोवीस माणसे एकमेकांच्या घरी जेवतात का, ते पाहावे.

अहवालाची शेवटची ओळ मी त्याच दुपारी तीन अठ्ठेचाळीसला भरली. परीक्षणे वीस, बेरीज १४९८, सरासरी ७४.९.